क्लच बसणे : माळशेजच्या वाटेवरची एक रीत

मोटारीचा क्लच बदलल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी हलक्या पायाने, कमी ओझ्याने आणि शक्यतो चढ टाळून चालवायची, ही रीत मोटारीइतकीच जुनी आहे. गॅरेजच्या बोलीत तिला ‘क्लच बसू देणे’ म्हणतात. ‘बसणे’ हे क्रियापद इथे दोन टोकांचे अर्थ सांगते. डब्यावर झाकण बसते, पायाला चप्पल बसते, म्हणजे जमते. इंजिन बसले, मोटार बसली, की मात्र ती निकामी झाली. नवा क्लच यांपैकी कोणत्या अर्थाने बसणार, हे पुष्कळदा पहिल्या पंधरवड्यात ठरते.

जुन्नर तालुक्यातले डिंगोरे हे गाव नगर–कल्याण महामार्गावर, ओतूरच्या पश्चिमेला आहे. या रस्त्याचा क्रमांक पूर्वी २२२ होता, आता ६१ आहे. गावातून पश्चिमेला निघालेले वाहन पिंपळगाव जोगा धरणाच्या बाजूने माळशेज घाटाच्या तोंडाशी येते आणि घाट उतरून टोकावडे, मुरबाडमार्गे कल्याणला पोचते. हे अंतर शंभर किलोमीटरच्या वर आहे. कांदा, टोमॅटो आणि पालेभाजी याच वाटेने मुंबईकडे जाते. क्लचच्या दृष्टीने या वाटेचे एक वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे : भरलेली गाडी घाट उतरते आणि चढ येतो तो परतताना, बहुधा रिकाम्या किंवा अर्ध्या भरलेल्या गाडीला.

घाट ओलांडून कोकणात माल नेण्याचा या भागातला व्यवहार मोटारीच्या दोन हजार वर्षे आधीचा आहे. जुन्नरहून कल्याणच्या बंदराकडे जाणारा नाणेघाट सातवाहनकाळात वाहता होता. तिथल्या लेण्यातला नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आजही पाहता येतो. जकात या रांजणात टाकत, असे परंपरा सांगते. नाणेघाटाची वाट दगडी पायऱ्यांची आहे. तिथे चाक चालत नाही, त्यामुळे माल बैलांच्या पाठीवर लादून नेला जाई. जनावरावर एकदम पूर्ण भार टाकू नये, हे ज्ञान त्या काळापासूनचे. नवा खोंड जुंपताना आधी रिकामी गाडी, मग हलके काम, मग पूर्ण ओझे असा क्रम ठेवावा लागतो, कारण जू जिथे टेकते तिथली कातडी हळूहळूच घट्ट होते. बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी होणाऱ्या खांदेमळणीत त्याच घासलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळतात. पुढे मोटारीच्या क्लचबद्दल जो सल्ला रूढ झाला, तो ऐकणाऱ्या शेतकऱ्याला परका वाटण्याचे कारण नव्हते.

महाराष्ट्रात मोटार गावोगाव पोचली ती स्वातंत्र्याच्या आगेमागे. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलिज जीपची जुळणी सुरू केली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी अहमदनगर ते पुणे धावली. १९५४ पासून टाटा आणि डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्याने ट्रक बनू लागले. या सगळ्या वाहनांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एकच नाजूक दुवा होता. इंजिनाचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, सतत फिरत असते. गाडीची चाके थांबलेली असतात. दोघांची गाठ हळुवार घालून द्यायची आणि पेडल दाबताच सोडवायची, हे क्लचचे काम. स्प्रिंगच्या जोराने प्रेशर प्लेट मधल्या क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल सोडताना क्षणभर प्लेट घसरते, मग पकडते. झीज होते ती याच घसरण्याच्या क्षणात. एकदा पकड आली की क्लच फक्त फिरत राहतो.

सुरुवातीच्या अनेक मोटारींतला क्लच शंकूच्या आकाराचा होता आणि त्याला चामड्याचे अस्तर असे. चामडे कोरडे पडले की क्लच झटका देऊन पकडे आणि गाडी उडी मारून सुटे; तेव्हा त्याला गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेले तेल पाजत. तेल जास्त झाले आणि क्लच घसरू लागला की वर मुलतानी माती भुरभुरवत. नवे चामडे लावल्यावर ते शंकूच्या पोकळीशी जुळेपर्यंत गाडी सांभाळून चालवणे भागच होते. क्लच बसू देण्याची रीत सुरू झाली ती चामड्यापासून, आणि तेव्हा ती सल्ला नसून निकड होती.

चामड्याची जागा घेणारे अस्तर एका उताराच्या रस्त्यावर सुचले. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड याने पाहिले, की घोडागाडीवाले उतारावर चाक रोखण्यासाठी ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे तुकडे लावतात. १८९७ पासून त्याने ब्रेकसाठी टिकाऊ अस्तर बनवायला घेतले, आणि पुढच्या दशकात, १९०८ च्या सुमारास, त्यात अ‍ॅसबेस्टॉस आले. फेरोडो हे नाव त्याच्याच आडनावाच्या अक्षरांतून, पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर मिळवून, तयार झाले. डोंगरातल्या गाडीवानाची गरज मोटारीच्या क्लच प्लेटपर्यंत पोचली, हा यंत्रांच्या इतिहासातला फार बोलका प्रसंग आहे. त्याच सुमारास लिओ बेकलँडने फिनॉलिक राळ तयार केली. अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू अशा राळेत बांधून केलेले लायनिंग पुढे जगभर वापरात आले. अमेरिकेतल्या बोर्ग अँड बेक कंपनीने एका प्लेटचा कोरडा क्लच रूढ केला, आणि शंकू मागे पडला.

भारतात एका प्लेटच्या या क्लचला गॅरेजने स्वतःचे वळण दिले. नवी प्लेट महाग, म्हणून जुन्या प्लेटचे झिजलेले लायनिंग छिन्नीने काढून नवे लायनिंग रिव्हेट मारून बसवले जाई. रिव्हेटची डोकी अस्तराच्या आत खोल गेली नाहीत तर ती फ्लायव्हीलवर चरे पाडत. हाताने रिव्हेट मारलेले लायनिंग सर्वत्र सारखे सपाट येणे अवघडच. काही ठिकाणी उंचवटे राहत आणि तेच आधी घासत. अशा प्लेटला बसायला खरोखरच वेळ लागे. नव्या किंवा इंजिन बांधून काढलेल्या गाडीच्या मागे ‘रनिंग इन’ अशी पाटी लावण्याची पद्धतही त्याच काळातली. मागून येणाऱ्याने कर्णा न वाजवता पुढे जावे, एवढाच तिचा अर्थ.

पाटी गेली, लायनिंग कारखान्यात एकसारखे बनू लागले, तरी रीत टिकली. तिचे कारण घर्षणाच्या अभ्यासातून कळते. केंब्रिजचे बाउडेन आणि टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले, की वरून सपाट दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्या शिखरांवरच एकमेकांना टेकतात. खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्राच्या अगदी लहान अंशाएवढा असतो. नव्या प्लेटच्या बाबतीत सगळा जोर आणि सगळी उष्णता या थोड्या जागांवर येते. घासून घासून शिखरे झिजली की भार पसरतो. त्याआधीच प्लेट तापली, साधारण अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, तर राळ वर येऊन पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. अशी प्लेट पुढे घसरत राहते, किंवा थरथर करत पकडते. जळक्या लायनिंगचा वास आल्यावर जे नुकसान कळते ते तोवर झालेले असते.

उष्णता किती निर्माण होते, याचे गणित साधे आहे आणि चालकाच्या पायाशी त्याचा थेट संबंध आहे. सपाटीवर गाडी सोडताना क्लचमध्ये मुरणारी उष्णता इंजिनाच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला १,००० फेऱ्यांऐवजी २,००० फेऱ्यांवर क्लच सोडला, तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडली तर उष्णता पहिल्यापेक्षा सुमारे तिप्पट होऊ शकते. गाडी रिकामी आहे म्हणून दुसऱ्यावरच उचलायची, ही सवय नव्या प्लेटला म्हणूनच मारक ठरते. चढावर वजन मागे ओढत असल्याने घसरण्याचा वेळ लांबतो आणि हिशेब आणखी बिघडतो. सगळ्यात वाईट म्हणजे चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट सोडून, गाडी तोलून धरणे. त्या वेळी गाडी जागची हलत नाही आणि इंजिनाची क्लचपर्यंत पोचणारी सगळी शक्ती प्लेट तापवण्यात जाते.

यावरून किलोमीटर मोजण्याच्या रूढीतली उणीवही लक्षात येते. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर हा आकडा कारागिरांच्या तोंडी असतो. पण प्लेट बसते ती पेडल सोडण्याच्या खेपांनी, अंतराने नव्हे. डिंगोऱ्याहून कल्याणपर्यंत सरळ जाणारी गाडी शंभरावर किलोमीटर कापते, तरी क्लच मोजक्याच वेळा वापरला जातो. ओतूरच्या बाजारपेठेत, नारायणगावच्या वर्दळीत किंवा वाड्या-वस्त्यांवर दूध गोळा करत फिरणारी गाडी चाळीस किलोमीटरमध्ये त्याहून अधिक खेपा भरते. प्रत्येक खेप हलकी असते आणि मध्ये प्लेटला थंड व्हायला उसंत मिळते. क्लच बसवायचा तर असा गावातला फेरा लांबच्या पल्ल्याहून चांगला, हे अनुभवी चालक सूत्र न मांडता ओळखून असतात.

माळशेजच्या उताराची भीती मात्र जरा चुकीच्या जागी असते. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवली तर क्लच पूर्ण पकडलेला असतो आणि झिजत नाही. तिथे कस लागतो तो ब्रेकचा. क्लचचा धोका चढाला आहे, आणि तोही गाडी वाहती असताना कमी. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी धबधबे पाहायला आलेल्या गाड्यांची रांग लागते, धुके उतरते, कधी दरड कोसळून रस्ता अडतो, जुलै २०१३ मध्ये तर तो कित्येक दिवस बंद पडला होता. अशा रांगेत चढावर थांबून, पुन्हा उचलून, वावभर पुढे सरकत राहणे नव्या प्लेटला सर्वांत महागात पडते.

वाहने बदलत गेली तशी क्लचवरची मागणीही बदलली. एस.टी. आणि ट्रक, जीप, टेम्पो. मग १९८६ साली पुण्यातून आलेली टाटा ४०७ आणि २००५ चा टाटा एस, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘छोटा हत्ती’. माल वाहणारी पिकअप आज डिंगोऱ्यासारख्या गावांची मुख्य गाडी आहे. नवा क्लच घातलेल्या पिकअपमध्ये पहिल्याच खेपेला क्षमतेपेक्षा अधिक कांदा भरला, तर क्लच बसण्याआधी जळू शकतो. दरम्यान जुन्या गुंडाळ्या स्प्रिंगांच्या जागी वाडग्यासारखी एकच डायफ्राम स्प्रिंग आली, पेडल हलके झाले. हलक्या पेडलवर पाय नकळत टेकून राहतो, आणि तेवढ्यानेही पकड सैल होऊन प्लेट घसरते.

अ‍ॅसबेस्टॉसचा काळही सरत आला. त्याची धूळ फुप्फुसात गेल्याने असाध्य रोग होतात, हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. युरोपीय संघात ती २००५ पासून पूर्णपणे लागू आहे. क्लचचे झाकण उघडून आतली धूळ हवेच्या जोराने किंवा तोंडाने फुंकण्याची जुनी सवय कित्येक कारागिरांच्या छातीवर उठणारी होती. आजच्या लायनिंगमध्ये काचेचे व कृत्रिम तंतू, रबर आणि तांब्या-पितळेच्या तारा असतात. तरी धूळ ओल्या फडक्याने पुसावी, फुंकू नये.

क्लच बसणे हे चालकाइतकेच बसवणाऱ्या मिस्तरीच्या हातात असते. गिअरबॉक्स उतरवल्यावर फ्लायव्हील तपासून, निळे डाग किंवा चरे असल्यास लेथवर तासून घ्यावे लागते. खडबडीत जुन्या पृष्ठभागावर नवी प्लेट सपाट बसत नाही. नव्या प्रेशर प्लेटला गंज चढू नये म्हणून लावलेले तेल पेट्रोल किंवा थिनरने पुसायचे राहिले, तर पहिल्याच दिवशी घसरण सुरू होते. प्लेट मध्यावर आणायला जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचा डमी म्हणून उपयोग करतात. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत नेतात, नाहीतर प्रेशर प्लेट वाकते. पेडल दाबल्यावर क्लचची पकड सोडवणारे रिलीज बेअरिंग जुनेच ठेवून पैसे वाचवले, तर काही महिन्यांत गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर ते आधी बंद करावे. तेल प्यालेले लायनिंग कशानेच सुधारत नाही.

प्लेट बसत आली की पेडलचा पकडण्याचा बिंदू स्थिरावतो, गाडी सोडतानाची थरथर आणि नव्या लायनिंगचा वास जातो. वायरवर चालणाऱ्या क्लचमध्ये या काळात लायनिंग थोडे झिजल्याने पेडलची मोकळी चाल कमी होते. ती संपली, तर बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि चांगली बसलेली प्लेटही घसरू लागते. म्हणून ५०० किलोमीटरच्या सुमारास गाडी एकदा गॅरेजला नेऊन वायर सैल करून घेतात आणि त्यानंतरच पिकअपमध्ये पूर्ण माल भरतात.