दिनविशेष : २४ ऑगस्ट
फाळक्यांची मंदाकिनी कृष्ण होऊन पडद्यावर आली

२४ ऑगस्ट १९१८. मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात दादासाहेब फाळके यांचा 'श्रीकृष्णजन्म' प्रदर्शित झाला. बाळकृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. भारतीय पडद्यावरची ती पहिली बालअभिनेत्री मानली जाते. पाच वर्षांपूर्वी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये राणी तारामतीची भूमिका साळुंखे नावाच्या पुरुषाने रंगवली होती. इथे एका मुलीने देव साकारला. पुढच्याच वर्षी 'कालियामर्दन'मध्ये ती पुन्हा कृष्ण झाली. तिची कारकीर्द छोटीच ठरली.

'कालियामर्दन'ची सुरुवात आजही पाहावी अशी आहे. कथा सुरू होण्याआधी मंदाकिनीचा चेहरा जवळून दिसतो. त्यावर एकेक भाव उमटत जातो आणि मग त्या मुलीचा कृष्ण होतो. काम मुलीचे आहे, हे प्रेक्षकाला आधीच दाखवणारा हा बाप मोठा कलावंत होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे हे पाहता येते. 'श्रीकृष्णजन्म'चे मात्र थोडेच तुकडे उरले, ही हळहळ वाटावी अशीच हानी आहे.

मंदाकिनीसारखेच आपलेही मूल पडद्यावर यावे म्हणून निगडी-चिंचवडहून मुलांना ऑडिशनला नेणाऱ्या पालकांनी आज बालकामगार कायद्याखालचे २०१७चे नियम जरूर वाचावेत. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम देता येत नाही. मुलाच्या इच्छेविरुद्ध तर मुळीच नाही. कमाईतले किमान २० टक्के त्याच्याच नावे मुदत ठेवीत ठेवावे लागतात. हा हिशेब निर्मात्याकडे पहिल्याच दिवशी मागावा.