नीरा, क-जीवनसत्त्व आणि मापनाचा प्रश्न

गिरगावपासून दादर-माहीमपर्यंतच्या किनारपट्टीवर एके काळी नारळी-ताडांच्या वाड्या होत्या, आणि या झाडांचा रस काढण्याचा व्यवसाय मुख्यत्वे भंडारी समाजाच्या हाती होता. पहाटे उतरविलेला गोड रस ती नीरा. ऊन चढू लागले की तोच रस आंबून त्याची ताडी होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडी निषिद्ध ठरली, नीरेला परवान्याची वाट तेवढी उरली. त्यामुळे नीरेचे पोषणमूल्य किती हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहिला नाही. झाडावर चढणाऱ्याच्या चरितार्थाशीही तो निगडित झाला.

या प्रश्नाचे संशोधन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून डॉ. कमला सोहोनी यांनी हाती घेतले. फोर्ट विभागातील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांची पूर्वपीठिका येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. केंब्रिज येथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम-सी असल्याचे त्यांनी दाखविले व १९३९ मध्ये त्याच विषयावर पीएच.डी. मिळविली. वनस्पतीच्या पेशीतील ऑक्सिडीभवन हा अशा रीतीने त्यांच्या शिक्षणाचाच विषय होता. त्याच विद्यापीठात, हॉपकिन्स यांच्या विभागात, त्याआधी सुमारे दहा वर्षे सेंट-ग्यॉर्गी यांनी एक प्रबळ क्षपणकारी अम्ल वेगळे केले होते. ते अम्ल म्हणजेच क-जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये सिद्ध झाले.

क्षपणशक्ती हेच मग या जीवनसत्त्वाच्या मापनाचे साधन बनले. अन्नाचा अर्क मेटाफॉस्फोरिक अम्लात काढावयाचा आणि डायक्लोरोफिनॉल-इंडोफिनॉल या रंजकाचा विद्राव ब्युरेटमधून थेंबाथेंबाने त्यात सोडावयाचा. प्रत्येक थेंबाचा रंग नाहीसा होत जातो. फिकट गुलाबी छटा टिकली की अनुमापन पुरे झाले. ही पद्धत स्वस्त व सुटसुटीत असल्याने ती सर्वत्र रूढ झाली. परंतु रंजकाला जीवनसत्त्वाची ओळख नसते. फेरस लोह, काही गंधकयुक्त संयुगे, साखर तापविल्याने निर्माण होणारी रिडक्टोने हीही त्याचा रंग घालवितात. नीरेच्या बाबतीत ही अडचण किरकोळ नव्हे. नीरा आंबू नये म्हणून मडक्यास आतून चुना लावतात आणि गुळासाठी ती आटवितात. चुन्याच्या अल्कधर्मामुळे खरे जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होते, तर आटविताना त्याची नक्कल करणारी क्षपणशक्ती वाढू शकते. एकच आकडा दोन्ही बाजूंनी फसवू शकतो.

सोहोनी यांना नीरेत अ आणि क ही जीवनसत्त्वे व लोह आढळले, आणि गूळ व काकवी केल्यावरही ते टिकत असल्याचे त्यांनी नोंदविले. मात्र त्या तेथे थांबल्या नाहीत, आणि या संशोधनाचे खरे मोल त्यातच आहे. आदिवासी भागातील कुपोषित किशोरवयीन मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश करण्यात आला व त्यांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा दिसून आली. ही साक्ष रंजकाच्या साक्षीहून निराळ्या जातीची आहे. अर्थात सुधारणेचे श्रेय एकट्या क-जीवनसत्त्वास देता येणार नाही. नीरेत साखर आहे, लोहही आहे. तथापि अन्नाची परीक्षा अखेर खाणाऱ्याच्या देहावर झाली, हे महत्त्वाचे.

पुढील काळात मापनाचा विषय क-जीवनसत्त्वापुरता न राहता अन्नाच्या एकूण ऑक्सिडीभवनरोधक शक्तीकडे वळला. १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी डीपीपीएच या जांभळ्या, स्थिर मुक्त मूलकाचा रंग उतरण्यावर आधारलेली पद्धत मांडली. १९९३ मध्ये ओआरएसी, तर १९९६ मध्ये फेरिक लोहाच्या क्षपणावर आधारलेली एफआरएपी या पद्धती आल्या. यांपैकी शेवटच्या पद्धतीला ग्लुटाथायोनसारखी गंधकयुक्त संयुगे जवळजवळ दिसतच नाहीत. साहजिकच आवळा, कोकम वा जांभूळ यांचा क्रम पद्धतीगणिक बदलू शकतो. एका प्रयोगशाळेचे गॅलिक अम्लाच्या प्रमाणात दिलेले मूल्य दुसरीच्या ट्रोलॉक्सच्या मूल्याशी ताडून पाहण्यातही अर्थ नसतो. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ही तुलना अजूनही आढळते.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २००७ मध्ये निवडक अन्नपदार्थांच्या ओआरएसी मूल्यांची सूची प्रसिद्ध केली होती. २०१२ मध्ये ती मागे घेण्यात आली. परीक्षानळीतील आकडा व शरीरातील परिणाम यांचा संबंध सिद्ध झालेला नव्हता, आणि उत्पादक मात्र तोच आकडा जाहिरातींत वापरीत होते.