खदीजा यांचे घर, मक्का

खदीजा यांचे घर (दार खदीजा) : सौदी अरेबियातील मक्का शहरात, काबाच्या पूर्वेस, मरवा टेकडीपलीकडच्या जुन्या वस्तीतले इस्लामच्या आरंभकाळातील निवासस्थान. हजरत मुहंमद पैगंबर आणि त्यांच्या पहिल्या पत्नी बीबी खदीजा यांचा संसार याच घरात झाला. विवाह इ. स. ५९५ च्या सुमाराचा. खदीजा ६१९ मध्ये निवर्तल्या आणि ६२२ मध्ये मदिनेस स्थलांतर करीपर्यंत पैगंबरांचा मुक्काम येथेच होता. अत्तरवाल्यांची गल्ली किंवा दगडाची गल्ली (जुकाक अल-हजर) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या बोळात हे घर होते. १९८९ मध्ये त्याचे अवशेष उकरून पाहण्यात आले आणि नोंदी घेऊन पुन्हा वाळूने बुजवण्यात आले. जमिनीवर त्याची खूण उरलेली नाही.

खुवैलिद यांची कन्या खदीजा कुरैश जमातीतल्या असद कुळातील. स्वतःचा व्यापार सांभाळणारी, सीरियाकडे जाणाऱ्या तांड्यांत आपला माल धाडणारी ही बाई. मुहंमद प्रथम त्यांचा माल घेऊन गेले ते विश्वासू गुमास्ते म्हणून. खदीजांचा मैसरा नावाचा सेवक सोबत होता. त्याने परतल्यावर मालकिणीला जे सांगितले त्यावरून विवाहाची बोलणी झाली, अशी परंपरा आहे. वर पंचवीस वर्षांचा, वधू चाळिशीची, असे चरित्रकार सांगतात. काहींच्या मते वधूचे वय त्याहून कमी होते. कासिम, अब्दुल्ला, झैनब, रुकय्या, उम्म कुल्सूम आणि फातिमा ही या जोडप्याची अपत्ये. मुलगे लहानपणीच गेले.

घरात माणसांचा राबता होता. दुष्काळात अबू तालिब यांच्या घरी खाणारी तोंडे जास्त झाली, तेव्हा त्यांचा मुलगा अली येथे वाढायला आला. झैद हा गुलाम म्हणून आलेला मुलगा. त्याला मुक्त करण्यात आले. पुढे त्याचा बाप शोधत शोधत मक्केत पोहोचला, पण झैदने त्याच्याबरोबर जायचे नाकारले. ६१० मध्ये हिरा गुहेत पहिला दैवी संदेश आल्यावर पैगंबर थरथरत घरी आले आणि पांघरूण मागितले. ते पांघरूण घालणारे हात खदीजांचे होते. धीर त्यांनीच दिला आणि आपला वृद्ध नातलग वरका याच्याकडेही त्याच घेऊन गेल्या. श्रद्धा ठेवणारी पहिली व्यक्ती खदीजा. पाठोपाठ अली आणि झैद. म्हणजे या धर्माच्या पहिल्या अनुयायांपैकी तिघे एकाच छपराखाली राहणारे होते. मशीद, मिनार, मदरसा हे सारे नंतरचे. आरंभ एका नांदत्या घरात झाला आणि त्या घराची धनीण बाई होती, यातच या वास्तूचे खरे महत्त्व आहे. इस्लामविषयी मराठीत पुष्कळ लिहिले-बोलले जाते, पण ही साधी गोष्ट त्यात क्वचितच आढळते.

या घराची गल्लत पुष्कळदा दार अल-अरकमशी होते. ते अरकम नावाच्या तरुण अनुयायाचे, सफा टेकडीजवळचे घर. छळाच्या काळात अनुयायी तेथे गुप्तपणे जमत. तीही जागा आता काबाभोवतीच्या मशिदीच्या विस्तारात गेली आहे.

खदीजांच्या घराला शेजार चांगला लाभला नाही. पैगंबरांचा चुलता आणि कट्टर विरोधक अबू लहब जवळच राहत होता. दारात घाण टाकणे, चुलीवरच्या भांड्यात नको ते फेकणे, असे प्रकार चालत. पैगंबर ती घाण काठीवर उचलून दाराशी उभे राहत आणि हा कसला शेजारधर्म, असे आपल्या कुळातल्या लोकांना विचारत, असे जुन्या चरित्रांत आहे. नवव्या शतकातला मक्केचा इतिहासकार अल-अझरकी या घरातल्या एका दगडी फरशीचा उल्लेख करतो. शेजारच्या घरांतून दगड येऊ लागले की पैगंबर त्या फरशीच्या आडोशाला बसत. तिचे मापही त्याने दिले आहे : लांबी एक हात आणि वर एक वीत, रुंदी एक हात. दोन शतकांनंतरही लोक ती फरशी दाखवत होते आणि कोणीतरी ती मोजून ठेवली.

६१६ ते ६१९ या काळात कुरैशांनी पैगंबरांच्या कुळावर बहिष्कार घातला. त्याच्या हालअपेष्टांनंतर लवकरच खदीजा गेल्या. त्यांची कबर मक्केतच, हजून भागातल्या अल-मुअल्ला कबरस्तानात आहे. त्याच सुमारास अबू तालिबही गेले, म्हणून त्या वर्षाला परंपरेत दुःखाचे वर्ष म्हणतात. ६२२ मध्ये पैगंबरांनी मक्का सोडली त्या रात्री मारेकऱ्यांना चकवण्यासाठी त्यांच्या बिछान्यावर अली झोपले होते. नंतर घर अलींचा भाऊ अकील याच्या ताब्यात गेले. ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर पैगंबरांना विचारण्यात आले की उतरणार कोठे. अकीलने आमच्यासाठी घर ठेवलेय कुठे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि तंबू ठोकून राहिले. सारे शहर हाती असताना त्यांनी आपले जुने घर परत मागितले नाही. ज्याचे घर एकदा सुटले आहे, त्याला या प्रसंगाचे मोल सांगावे लागत नाही.

अल-अझरकीच्या म्हणण्याप्रमाणे पुढे खलिफा मुआविया यांनी ते अकीलकडून विकत घेऊन मशीद केले. त्यानंतरची सुमारे साडेबारा शतके ते यात्रेकरूंच्या वाटेवर राहिले. अंदलुसियातला प्रवासी इब्न जुबैर ११८३-८४ मध्ये मक्केत होता. या घरातला ‘वहीचा घुमट’ (वही म्हणजे दैवी संदेश) आणि फातिमांची जन्मजागा त्याने नोंदवली आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूताही हे स्थान सांगतो.

सर्वांत जवळून पाहिलेले वर्णन १८१४ मधले आहे. योहान बुर्कहार्ट हा स्विस प्रवासी त्या वर्षी मक्केत राहिला. तेव्हा हे स्थान ‘मौलिद सित्तना फातिमा’, म्हणजे आमच्या बाईसाहेब फातिमा यांचे जन्मस्थान, या नावाने ओळखले जात होते. इमारत चांगल्या दगडी बांधणीची. रस्त्याची पातळी शतकानुशतके चढत गेल्याने आत शिरायला पायऱ्या उतरून खाली जावे लागे. खाली जमिनीत एक खळगा : तेथे फातिमा जन्मल्या. जवळच दुसरा, कमी खोल खळगा : मोठेपणी फातिमा तेथे जात्यावर दळत. शेजारच्या दालनात एक अरुंद कोनाड्यासारखी खोली; पैगंबर तेथे बसत आणि त्यांना संदेश येई, असे सांगत. यातला दुसरा खळगा मराठी वाचकाला लगेच उमगेल. जाते बसवलेली खोलगट जागा आपल्याकडच्या जुन्या घरांतही दिसते. तो खळगा खरोखर सातव्या शतकातला होता का, हे सिद्ध करता येणार नाही. पण बाराशे वर्षे येणाऱ्या माणसांना पैगंबरांच्या लेकीचे दळण आठवावेसे वाटले, हेही इतिहासाचेच साधन आहे.

१९२४ मध्ये मक्का अब्दुल अझीझ इब्न सौद यांच्या सैन्याच्या ताब्यात आली. कबरी आणि स्मारके यांना मान देता देता माणूस ईश्वराखेरीज इतरांची उपासना करू लागतो, ही त्यांच्या अनुयायांची ठाम समजूत. त्यातून मक्का-मदिनेतल्या अनेक घुमटांवर पहार पडली. मुअल्लातील खदीजांच्या कबरीवरचा घुमटही गेला. याचे पडसाद मुंबईत मोठे उमटले. भायखळ्याचे खिलाफत हाऊस हे खिलाफत समितीचे ठाणे. १९२६ मध्ये इब्न सौद यांनी मक्केत जागतिक मुस्लिम परिषद बोलावली, तेव्हा या समितीतर्फे मौलाना मुहंमद अली, शौकत अली, सय्यद सुलैमान नदवी ही भारतीय मंडळी तेथे गेली होती आणि पवित्र स्थळांचा प्रश्न त्यांच्या चिंतेचा होता. १९५० च्या सुमारास मक्केचे नगरप्रमुख राहिलेले शेख अब्बास कत्तान यांनी सुज्ञपणाने मधला मार्ग काढला. पैगंबरांच्या जन्मस्थळी त्यांनी ग्रंथालय बांधले आणि खदीजांच्या घराच्या जागी कुराण पाठ करणाऱ्या मुलांची शाळा. जागा वापरात राहिली, म्हणून लक्षातही राहिली.

काबाच्या मशिदीभोवतालचे आवार मोकळे करताना ही शाळाही गेली. जागा कायमची झाकली जाण्यापूर्वी, १९८९ मध्ये, वास्तुविशारद सामी अंगावी आणि सौदीचे माजी तेलमंत्री अहमद झकी यमानी यांच्या पुढाकाराने तेथे खोदकाम झाले. पायऱ्यांच्याही खाली गाडले गेलेले दगडी पाये, खोल्यांचे आराखडे, नमाजाची जागा, फातिमांच्या जन्माची म्हणून मानलेली खोली हे सारे उघडे पडले. जुन्या ग्रंथांतली वर्णने आणि समोरची जोती एकमेकांशी ताडून पाहण्यात आली. उघड्या पडलेल्या भिंती अनेक पिढ्यांच्या डागडुजीच्या होत्या. सगळे दगड पैगंबरकालीन मानण्याचे कारण नाही. पण जागा बदललेली नव्हती आणि पुरातत्त्वात जागेला फार किंमत असते. छायाचित्रे आणि मोजमापे घेऊन वर वाळू पसरण्यात आली. यमानींचा या घरावरचा सचित्र ग्रंथ २०१४ मध्ये लंडनच्या अल-फुर्कान प्रतिष्ठानाने काढला. घराचा सर्वांत भरवशाचा दस्तऐवज आज तोच.

लाखो यात्रेकरूंना उभे राहायला जागा हवी, हे खरे आहे. स्मारकपूजेविषयीची धार्मिक हरकतही प्रामाणिक आहे. तरीही या नोंदकाराच्या मते येथे नुकसान झाले. घर जपणे म्हणजे घर पूजणे नव्हे. एका कोपऱ्यात काचेखाली चार जोती ठेवता आली असती.

कोकणाचा या घराशी संबंध आठवणींतून आणि वाटेवरून जुळतो. इतिहासकार अल-मसूदी ९१६ च्या सुमारास सैमूर, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल, येथे आला तेव्हा सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्या आणि इथेच जन्मलेल्या मुसलमानांची दहा हजारांची वस्ती त्याने सांगितली. म्हणजे खदीजांनंतर तीन शतकांच्या आतच त्यांची गोष्ट जाणणारी घरे या किनाऱ्यावर नांदत होती. कोकणी मुसलमानांत खतीजा, फातमा ही नावे पिढ्यानपिढ्या फिरत आली आहेत. निकाहाच्या वेळी वराकडून वधूला ठरणाऱ्या देण्यासाठीचा ‘महर-ए-फातिमी’ हा शब्दप्रयोग याच घरातल्या लेकीच्या नावाचा. मराठीत साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ या पुस्तकात पैगंबरांचे चरित्र लिहिले.

वाट समुद्राची होती. मुंबई हे हजचे मोठे बंदर. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६३-६४ च्या यात्रेसाठी येथूनच निघाल्या आणि त्यांनी आपल्या यात्रेचा वृत्तांत लिहिला. १८७७ मध्ये मुंबईत निघालेली आणि पुढे मुघल लाइन म्हणून ओळखली गेलेली कंपनी यात्रेकरूंची ने-आण करी. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना जहाजाची वाट पाहणाऱ्या हाजींनी भरलेला असे. उरणकडच्या माणसाला मुंबई गाठायला मोरा बंदर जवळचे. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातले हे बंदर मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यासमोर आहे; लाँच भरतीच्या भरवशावर, ओहोटीला गाळ उघडा पडला की खोळंबा. ज्यांची हजची वाट मोऱ्याच्या धक्क्यावरून सुरू होई, त्यांना पुढे मुंबईची गोदी, मग अरबी समुद्र, जेद्दा आणि मक्का.

मुंबईहून हजला जाणारी जहाजे १९९५ नंतर बंद झाली. त्याआधी, विशेषतः १९८९ पूर्वी गेलेल्या हाजींनी मरवापलीकडची जुनी मक्का उभी असलेली पाहिली आहे. ती पिढी आता म्हातारी झाली आहे. मोरा, उरण, पनवेल, पेण, चौल येथल्या घरांत असे कोणी आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडून त्या गल्ल्यांची हकीकत, जहाजाची तिकिटे, जुनी छायाचित्रे आत्ताच मागून घ्यावीत आणि तारखेसह लिहून ठेवावीत.