खटपट प्रकरण, बडोदे

खटपट प्रकरण, बडोदे : बडोद्याचा रेसिडेंट जेम्स औट्रम (१८०३–६३) याने संस्थानातील लाचलुचपतीचा शोध चालविला असता मुंबई सरकारने १८५१ मध्ये त्यालाच पदावरून दूर केले. त्यातून उद्‌भवलेला राजकीय वाद या नावाने ओळखला जातो. मुंबईत योग्य ठिकाणी पैसा पोहोचविला, की सरकारचा निर्णय फिरविता येतो, अशी समजूत त्या काळी बडोद्यात दृढ होती आणि या व्यवहाराला ‘खटपट’ म्हणत. मराठीत हा शब्द प्रयत्न किंवा उद्योग या निरुपद्रवी अर्थानेही चालतो. तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांत मात्र तो लाच व कारस्थान यांचा वाचक होऊन बसला.

औट्रमची कारकीर्द घडली ती खानदेशात. १८१८ मध्ये हा प्रदेश कंपनी सरकारकडे आल्यानंतर सातपुडा व सातमाळा डोंगरांतील भिल्लांविरुद्ध लष्करी मोहिमा झाल्या. तथापि त्यांनी शांतता प्रस्थापित होईना. तेव्हा गव्हर्नर माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन करून भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरविले. हे काम बावीस वर्षांच्या औट्रमकडे आले. पलटणीचे ठाणे धरणगाव (जि. जळगाव) येथे होते. प्रारंभी मोजकेच भिल्ल भरती झाले. परंतु औट्रम त्यांच्यात मिसळून राहिला आणि शिकारीतील त्याच्या धाडसाने त्यांचा विश्वास संपादन केला. दरोडेखोरांचा पाठलाग व बंदोबस्त ही पलटणीची मुख्य कामे होती. भिल्लांकरवी भिल्लांचे दमन हा या योजनेचा दुसरा पैलू इंग्रज चरित्रकार सहसा झाकून ठेवतात. १८३० मध्ये डांगच्या भिल्ल राजांवर झालेल्या स्वारीचे नेतृत्वही औट्रमकडेच होते. १८३५ मध्ये तो खानदेशातून गुजरातेत गेला. पुढे सिंधमध्ये असताना तेथील अमिरांचे राज्य खालसा करण्याच्या धोरणावरून चार्ल्स नेपिअरशी त्याचे तीव्र मतभेद झाले. वरिष्ठांपुढे न नमणारा अधिकारी म्हणून तो तेव्हापासूनच ओळखला जाऊ लागला.

१८४७ मध्ये तो बडोद्यास रेसिडेंट झाला. मधल्या रजेनंतर परतल्यावर त्याने जोइताबाई या सावकार घराण्यातील विधवेच्या तक्रारीचा पाठपुरावा केला. तिच्या पेढीचा कारभारी बाबा नाफडा याच्यावर अपहाराचा आरोप होता. चौकशीचे धागे रेसिडेन्सीच्या कचेरीपर्यंत पोहोचले. ऑक्टोबर १८५१ मध्ये औट्रमने खटपटीविषयीचा अहवाल मुंबईस धाडला. त्यातील भाषा सौम्य नव्हती. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड व त्याचे कौन्सिल यांना तो आपल्या प्रतिष्ठेवरील आघात वाटला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये औट्रमला बडोदे सोडावे लागले. ज्या सरकारच्या लौकिकाविषयी अहवाल होता, त्याच सरकारने अहवाल देणाऱ्याचा निकाल लावला, हे या प्रकरणातील मर्म होय.

औट्रमने इंग्लंड गाठले. संचालक मंडळाने १८५२ मध्ये त्याच्या भाषेला दोष दिला, पण सचोटीची प्रशंसा केली आणि त्याला पुन्हा नेमणूक मिळावी अशी इच्छा व्यक्त केली. प्रकरणाची कागदपत्रे पार्लमेंटपुढे आली. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तेव्हा विचाराधीन असल्याने टीकाकारांच्या हाती आयतेच साधन आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा प्रवर्तक जॉन चॅपमन याने १८५३ मध्ये या कागदपत्रांच्या आधारे मुंबई सरकारच्या नीतिमत्तेवर पुस्तकच लिहिले. अमेरिकेत १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना दूर करविले, त्यावेळीही तपास करणाऱ्याला हटविल्यामुळे मूळ संशय बळावला. मात्र निक्सन यांना पुढल्या वर्षी पद सोडावे लागले. फॉकलंड १८५३ पर्यंत गव्हर्नरपदी निर्वेधपणे राहिला.

१८५४ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने बडोद्याचा राजकीय कारभार मुंबईकडून काढून भारत सरकारच्या अखत्यारीत घेतला आणि औट्रमला त्याच पदावर परत पाठविले. ही नेमणूक अल्पकाळच टिकली. त्याच वर्षी तो एडनला व तेथून लखनौला गेला. खालशाच्या धोरणावरून नेपिअरशी भांडलेल्या याच अधिकाऱ्याच्या हातून १८५६ मध्ये अयोध्येचे राज्य खालसा झाले.