एंजिन-शीतन, मोटारगाडीचे
सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिची पद्मिनी मोटार इटलीतील फियाट ११०० वरून घेतलेली. तिचा रेडिएटर-पंखा एंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. त्यामुळे उभ्या गाडीत एंजिन मंद चालू असता समोरचा वारा थांबे व पंख्याचा वेगही घटे. सोलापूरचे उन्हाळी तपमान ४०° से. ओलांडते, तेथे हे उणेपण लहान नव्हे. गाडी धावू लागताच उष्णता उतरली, तर दोष बहुधा हवेच्या प्रवाहात असतो : सैल पट्टा ताणावा, रेडिएटरच्या जाळीतील धूळ काढावी. नुसते पाणी ओतणे ही तात्पुरती मलमपट्टी होय (आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे धोक्याचेच). पुढे एंजिन आडवे बसविलेल्या मोटारींत पट्ट्याचा पंखा गैरसोयीचा ठरला व उष्णतेनुसार चालू होणारा विद्युत् पंखा आला. त्याचा स्विच बिघडल्यास मात्र जुनाच दोष परततो.