धूळ, फुप्फुस आणि एक प्रथिन

क्ष-किरणचित्रात सिलिकोसिसचे डाग उमटतात, तोवर फुप्फुसाला कायमचे व्रण पडून गेलेले असतात. डिचोलीच्या खाणी जवळ असलेल्या केरीकरांना हा विलंब परका वाटू नये; खनिजाच्या धुळीत सिलिकाही असते. लवकर इशारा देणारे द्रव्य सूक्ष्म श्वासनलिकांतील पेशींत सापडले. १९३७ साली माक्स क्लारा यांनी या पेशींचे वर्णन केले, तेही नाझी राजवटीने देहदंड दिलेल्यांच्या ऊतींवरून; २०१३ पासून शास्त्रीय नियतकालिकांनी त्यांचे नाव वगळले, उशिरा का होईना! या पेशी सीसी-१६ हे प्रथिन फुप्फुसद्रवात सोडतात. सिलिकाने पेशी मेल्या की ते द्रवात आणि रक्तातही घटते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यावरूनच रक्तचाचणी तयार केली. दुर्बीण घालून फुप्फुस धुण्यापेक्षा कामगारास ती सोसवते. मात्र धूम्रपानानेही हे प्रथिन घटते, म्हणून विडी ओढणाऱ्या कामगाराचा अहवाल जपून वाचावा लागतो.