दाखल्यापुरता माणूस : धारूर, निजामी मराठवाडा आणि छायाचित्रण

बीड जिल्ह्यातील धारूर हे गाव बालाघाटाच्या डोंगरकडेला, किल्ल्याच्या आधाराने वाढले, आणि म्हणूनच भोवतालच्या मुलखात ते आजही ‘किल्ले धारूर’ या नावाने ओळखले जाते. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात हा किल्ला उभारला, १५६९ मध्ये तो मुर्तजा निजामशहाच्या हाती गेला, १६३१ मध्ये मोगलांनी जिंकला, आणि पुढे हैदराबादच्या आसफजाही राज्याचा भाग झालेला हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिला. या गावाची दुसरी ओळख दगडात नाही, माणसांच्या चालीत आहे; दसरा-दिवाळीच्या सुमारास तालुक्यातील वाड्या-तांडे रिकामे होतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या उसावर जातात. या मुलखातील छायाचित्रणाचा इतिहास पाहताना दगड आणि कष्टकरी या दोन विषयांकडे कॅमेरा कोणत्या क्रमाने व कोणाच्या सांगण्यावरून वळला हे तपासावे लागते, कारण त्या क्रमातच या इतिहासाचे मर्म दडलेले आहे.

आरंभीचा क्रम काही अंशी तंत्रानेच ठरवला होता. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने शोधलेली ‘ओल्या कोलोडियनची पद्धत’, म्हणजे काचेवर कोलोडियन या चिकट द्रवाचा थर देऊन, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, ती वाळण्याआधीच अंधाऱ्या तंबूत धुऊन काढण्याची पद्धत, पुढील सुमारे तीन दशके सर्वत्र प्रचलित होती. दख्खनच्या कोरड्या उन्हात ही काच फार लवकर सुकत असे. तंबू, रसायने, पाणी आणि जड काचा यांचे ओझे बैलगाडीवर घालून हिंडावे लागे, आणि प्रकाश घेण्याचा अवधी सेकंदांत मोजला जाई. इतका वेळ हलल्याविना राहणारी वस्तू म्हणजे डोंगर, लेणे, तट आणि बुरूज. नांगर धरलेला शेतकरी किंवा खुरपणारी बाई यांची प्रतिमा अशा काचेवर पुसट डाग होऊन उमटली असती.

मराठवाड्याच्या उत्तर कडेला अजिंठ्यात मेजर रॉबर्ट गिल याने नेमका हाच अनुभव घेतला. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती करण्यासाठी त्याला नेमले; त्याच्या अनेक वर्षांच्या श्रमाची बहुतेक चित्रे १८६६ च्या लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेली. तोवर गिल कॅमेऱ्याकडे वळला होता. एकाच दृश्याची किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवून विशिष्ट भिंगांतून पाहिली की खोलीचा भास होतो. अशा जोडचित्रांना स्टिरिओस्कोपिक छायाचित्रे म्हणत. गिलच्या जोडचित्रांची, जेम्स फर्ग्युसन या वास्तुइतिहासकाराच्या मजकुरासह छापलेली दोन पुस्तके १८६४ मध्ये निघाली, एक लेण्यांविषयीचे आणि दुसरे वास्तुकला व निसर्गसृष्टी या दोहोंविषयीचे. म्हणजे स्थळे आणि निसर्ग हे दोन विषय या प्रदेशाच्या छायाचित्रणात फार लवकर दाखल झाले. लेण्यांच्या चित्रांत माणूसही दिसतो, परंतु बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला, मोजपट्टीच्या जागी.

मुंबईत याच सुमारास वेगळे काही घडू पाहत होते. १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे घेत, आणि एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे व्यावसायिक स्टुडिओ चालवला. भारतीय माणसाने भारतीय माणसाकडे भिंगातून पाहण्याची ही सुरुवात होती. मात्र त्या काळातील मोठे ग्रंथप्रकल्प, म्हणजे विल्यम जॉन्सन याचे मुंबईतील रहिवाशांवरचे १८६३ व १८६६ चे दोन खंड आणि १८६८ ते १८७५ या काळात निघालेला आठ खंडांचा ‘द पीपल ऑफ इंडिया’, माणसाला त्याच्या जातीचा किंवा जमातीचा नमुना म्हणून मांडतात. हीच दृष्टी निजामी राज्यात सय्यद सिराज-उल-हसन यांच्या १९२० मधील जाती-जमातींवरील ग्रंथात सचित्र उतरली. पानावर व्यक्ती असते, पण तिच्या चित्राखाली नाव छापले जाते ते समूहाचे.

हैदराबाद राज्यातील छायाचित्रणाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती राजा दीनदयाळ यांच्यामुळे. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ मध्ये जन्मलेले, रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखडे व अंदाजपत्रके करणारे दीनदयाळ १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले, आणि पुढील दशकात सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबादेत त्यांचा मोठा स्टुडिओ होता, १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी इंग्रज बाईच्या देखरेखीखाली स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला, आणि १८९६ मध्ये मुंबईतही शाखा काढली. बांधकाम खात्यातील शिक्षण त्यांच्या चित्रांत स्पष्ट दिसते. वास्तूच्या रेषा सरळ, पायवाट आणि कमान यांचा तोल नेमका, आणि सावली जेथे हवी तेथेच पडलेली. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद या स्थळांची त्यांची छायाचित्रे आजही अभ्यासकांना वास्तूंची तत्कालीन स्थिती ठरवण्यास उपयोगी पडतात. १९०० च्या सुमारास सुरू झालेला हैदराबाद–मनमाड लोहमार्ग औरंगाबाद, जालना, परभणी असा गोदाखोऱ्यातून गेला आणि पाहुण्यांची व कॅमेऱ्यांची वाट त्यानेच पक्की केली. बालाघाटावरचे धारूर त्या वाटेच्या बरेच दक्षिणेस राहिले.

दुष्काळ आला तेव्हा मात्र कॅमेऱ्याला माणसाकडे पाहावे लागले. दख्खनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात १८७६–७८ आणि १८९९–१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पाहिले. पहिल्या दुष्काळात मद्रास इलाख्यात लष्करी अधिकारी विलोबी वॉलेस हूपर याने भुकेने सापळा झालेल्या माणसांना ओळीने बसवून, बरगड्या दिसतील अशा रीतीने छायाचित्रे घेतली. हाच अधिकारी १८८६ मध्ये ब्रह्मदेशात कैद्यांना गोळ्या घालतानाचे क्षण टिपण्यासाठी शिक्षेची अंमलबजावणी कॅमेऱ्याच्या सोयीने लांबवल्याच्या आरोपावरून चौकशीस पात्र ठरला. हूपरच्या दुष्काळी चित्रांनी जगाला दुष्काळाचे भीषण रूप दाखवले हे खरे असले, तरी त्या चित्रांतील माणसांच्या नजरेला नजर देणे आजही कठीण जाते, कारण चित्र घेणारा आणि ते ज्याचे घेतले तो यांच्यामध्ये हुकमापलीकडचे कोणतेही नाते त्यांत दिसत नाही.

दीनदयाळ यांच्या पेढीने १८९५ ते १९०२ या काळात औरंगाबाद जिल्ह्यातील निजाम सरकारच्या दुष्काळ निवारण कामांची जी चित्रमालिका तयार केली, तिचा स्वभाव वेगळा आहे. तिच्यात रस्ता बांधणीवर लावलेल्या मजुरांची चित्रे आहेत. ‘निवारण काम’ म्हणजे पीक बुडालेल्या काळात सरकारने रस्ते, तलाव, बंधारे अशी कामे काढून मजुरीच्या रूपाने धान्य किंवा पैसा देणे. ही मालिका त्या कामाचा, म्हणजे सरकारच्या दयाबुद्धीचा आणि शिस्तीचा, दाखला म्हणून झाली. तरीही मराठवाड्यातील कष्टकरी समूह या चित्रांमुळे छायाचित्रात आला. दरबारात सरदारांच्या कमरपट्ट्याची घडीसुद्धा नीट बसवणारे भिंग येथे मातीची टोपली आणि डोक्यावरचे फडके यांच्यापर्यंत पोचले, याचे श्रेय दीनदयाळ यांच्या पेढीला द्यायलाच हवे. हुकूम निजामाचा असला तरी कष्टाची ठेवण या काचांवर उमटली आणि टिकली.

१९१४ मध्ये निजाम सरकारने पुरातत्त्व खाते काढून गुलाम याझदानी यांना त्याचे पहिले संचालक नेमले. त्यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे छायाचित्रांवर आधारलेले चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. हे काम मोलाचेच आहे. तेही पुन्हा लेण्याकडेच वळलेले होते.

याच दशकांत अमेरिकेत जे घडले त्याची धारूरच्या संदर्भात आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही कॅमेरा आधी खडकाकडेच वळला होता; कार्लटन वॉटकिन्स याने १८६१ मध्ये योसेमिटी दरीची भव्य चित्रे घेतली आणि १८६४ मध्ये त्या दरीला कायद्याने संरक्षण मिळण्यास त्यांचा हातभार लागला. पुढे जेकब रीस याने न्यूयॉर्कच्या कोंदट चाळी आणि लुईस हाइन याने १९०८ पासून गिरण्या व खाणींत राबणारी मुले दाखवली. १९३० च्या दशकातील मंदी आणि अवर्षण यांनी अमेरिकेच्या मध्य भागातील शेतकरी कुटुंबांना देशोधडीला लावले, तेव्हा संघराज्य सरकारने १९३५ मध्ये पुनर्वसनासाठी एक खाते काढले, जे १९३७ पासून फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणून ओळखले गेले. त्यातील रॉय स्ट्रायकर यांच्या विभागाने छायाचित्रकारांना गावोगाव पाठवून दैनंदिन जीवन टिपले. डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर घेतलेले ‘मायग्रंट मदर’ हे चित्र त्यांपैकीच. ते वृत्तपत्रात छापले गेल्यावर तळावर सुमारे २०,००० पौंड अन्न पाठवले गेले, परंतु चित्रातील ३२ वर्षांची आई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, तोवर मुलांसह पुढच्या कामावर निघून गेली होती. तिचे नाव जगाला १९७८ मध्ये कळले, आणि आपल्या चित्राचा आपल्याला काही लाभ झाला नाही ही खंत तिने बोलून दाखवली. स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला चक्क भोक पाडत असत. हे छायाचित्रणही सरकारी कामच होते, त्यालाही धोरणाचे समर्थन करायचे होते. फरक एवढाच की तो संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सर्वांना खुला राहिला, म्हणून चित्रातील माणसाला चार दशकांनंतर का होईना, बोलता आले.

मराठवाड्यात असा प्रसंग १९७२ च्या दुष्काळाने आणला. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांवर लाखो माणसे लागली. अमेरिकेतून आलेली ‘मिलो’ ही लाल ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची नावे त्या पिढीच्या तोंडी कायमची बसली. खडीच्या ढिगांपाशी रांगेने बसलेल्या बायका ही त्या दुष्काळाची सर्वाधिक ओळखीची प्रतिमा झाली. तिच्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा घडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण त्यामागे मोर्चे आणि राजकीय आग्रह होते. परंतु शहरी वाचकाला तो प्रश्न डोळ्यांनी कळला तो वृत्तपत्रांतील या छायाचित्रांमुळे.

ऊसतोडीच्या बाबतीत तेवढेही लवकर झाले नाही, आणि त्याचे कारण त्या व्यवसायाच्या रचनेत आहे. मुकादम हंगामाआधी ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ मानतात. अनेक कोयत्यांची टोळी होते, आणि सहा महिने ती उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहते. धारूरचा माणूस राबताना दिसतो तो धारूरपासून शेकडो किलोमीटरवर, परक्या शिवारात, पहाटेच्या अंधारात. त्याच्या गावी जाऊन चित्र घ्यावे तर उरलेली म्हातारी माणसे, कुलपे आणि भोवतीच्या टेकड्यांवर पिकलेली सीताफळे एवढेच भिंगात येते. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून घेतलेल्या, कष्टकरी स्त्रियांच्या कृष्णधवल चित्रांचे प्रदर्शन आणि त्यांनीच डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेले ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे लोकदालन यांनी या क्षेत्रातील दृष्टी बदलली, असे ठामपणे म्हणता येते. तेथे चित्राखाली माणसाचे नाव, गाव आणि त्याचे म्हणणे येते, आणि ते मराठीतही वाचता येते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले, तेव्हा वार्ताहर-छायाचित्रकारांनी या स्त्रियांपर्यंत पोचण्याची धडपड केली. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणाऱ्या बाईचे चित्र त्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले, तर शस्त्रक्रियेनंतर विश्रांती न मिळणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

गावातील स्टुडिओंचा इतिहास या सगळ्याला समांतर चालतो आणि तो अधिक मायेचा आहे. रंगवलेल्या पडद्यासमोर, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिलेले नवे जोडपे, जावळाचे मूल, वारलेल्या आजोबांचा मोठा करून घेतलेला आणि हार घातलेला फोटो यांत माणूस स्वतःच्या इच्छेने, धुतलेल्या कपड्यांत, कॅमेऱ्यापुढे आलेला असतो. पण तालुक्याच्या गावातील स्टुडिओची रोजची मिळकत अर्जाला चिकटवायच्या फोटोंवर चाले, आणि १९९३ मध्ये सुरू झालेल्या मतदार ओळखपत्राने अनेक मजुरांना आयुष्यात पहिल्यांदा भिंगासमोर बसवले.

रोजगार हमीच्या कामांवर आता हजेरीचा कागदी मस्टर पुरेसा राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोबाइलवरील हजेरीची यंत्रणा आणली आणि १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सर्व सार्वजनिक कामांवर ती सक्तीची केली. कामावरील मजुरांचे दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या नोंदीसह छायाचित्र घेऊन ते वर चढवावे लागते, आणि मजुरी त्यावर अवलंबून असते. निजामाच्या निवारण कामांवर कधीतरी पोचलेली तिपाई अशा रीतीने रोजच्या कामावर येऊन बसली आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने या यंत्रणेतील गैरप्रकारांची यादी राज्यांना कळवली. त्यात कामाशी संबंध नसलेली चित्रे चढवणे होते, आणि माणसे कामावर नसताना आधीच्याच छायाचित्राचे छायाचित्र घेऊन पाठवणेही होते.